प्रवाळांच्या काचपेटीला कॅल्शियम कोणते द्यावे?

माशांची काचपेटी आता पुष्कळ घरांत दिसते. पण खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ वाढविण्याचा छंद अवघड आणि खर्चिक आहे. नवख्या माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी कॅल्शियमची बाटली पडते. ती खरोखर लागते का आणि लागली तर कोणती घ्यावी, हे आधी समजून घेतलेले बरे.

प्रवाळ हा प्राणी आहे. दगडी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो. त्यासाठी तो पाण्यातून कॅल्शियम घेतो, तसेच कार्बोनेटही घेतो. कार्बोनेटचा साठा आपण अल्कलिनिटी मोजून ओळखतो. पेटीत लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम, सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ८ ते १० अंश अल्कलिनिटी असावी. मॅग्नेशियम घटले तर कॅल्शियम पाण्यात टिकत नाही, त्याचा थर हीटरवर बसतो.

म्हणून बाटलीच्या आधी तपासणीचा संच घ्या. पेटीत नुसते मासे किंवा थोडे मऊ प्रवाळ असतील, तर नियमित पाणी बदलणे बहुधा पुरते.

दगडी प्रवाळ थोडे असतील तर चुन्याची निवळी स्वस्त पडते. शाळेत फुंकर मारून दुधाळ करतो, तीच ही निवळी. तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही मिळतात. बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी ती थेंबथेंब सोडावी. एकदम ओतल्यास पाण्याचा सामू चढतो आणि जीव दगावतात. पानाचा चुना वापरू नये, शुद्ध चुनाच घ्यावा. निवळी दाहक असते, मुलांच्या हाती लागू देऊ नये.

प्रवाळ वाढले की दोन भागांचे मिश्रण सोयीचे. एका भागात कॅल्शियम क्लोराइड, दुसऱ्यात सोडा. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी ओतले तर पाणी दुधाळ होऊन सगळे तळाशी बसते. म्हणून दोहोंमध्ये अंतर ठेवावे. फक्त कॅल्शियमच कमी असेल, तर एकटे क्लोराइड पुरे. २०० लिटर पाण्यात कॅल्शियम लिटरमागे २० मिलिग्रॅम वाढवायला ४ ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे बाजारात मिळणारे द्विजल क्लोराइड सुमारे १५ ग्रॅम लागते. एका दिवसात याहून अधिक वाढवू नये. मोठ्या, गच्च भरलेल्या पेटीला कॅल्शियम रिअॅक्टर लावतात. त्यात कार्बन डायऑक्साइडने प्रवाळखडी विरघळवली जाते. घरगुती लहान पेटीला तो खर्च नको.

माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या किंवा शिंपल्यांचा चुरा मात्र टाकू नये. पेटीच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट विरघळत नाही, नुसता गाळ साचतो.

आणखी एक गोष्ट. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. आपल्या समुद्रातील दगडी प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कडक संरक्षण आहे. हौसेपोटी तिथला तुकडाही उचलू नये. एक भित्ती उभी राहायला शेकडो, हजारो वर्षे लागतात, आणि आपली चूक मात्र एका रात्रीत पेटी संपवते. तेव्हा वाचकहो, आधी मोजा, वहीत टिपा आणि मगच बाटलीला हात लावा.