एमपी३ची पुन्हा वेव्ह केली तर?

समजा, विद्यार्थ्यांनी गावातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि फक्त एमपी३ फाइल ठेवली. पुढे कोणी तिचे वेव्ह फाइलमध्ये रूपांतर केले. फाइल सुमारे ११ पट मोठी झाली. आवाज सुधारला का?

सीडीच्या दर्जाच्या वेव्हमध्ये ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे, शिवाय डावा-उजवा असे दोन मार्ग. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. (हा गुणाकार वर्गात करून घ्यावा.) २००१ साली आलेली फ्लॅक पद्धत हीच मोजमापे आटोपशीर लिहिते, 'ककककक'ऐवजी '५ क' लिहावे, काहीशी तशी. उलगडली की प्रत्येक बिट परत मिळतो.

एमपी३ मात्र सेकंदाला १,२८,००० बिटांतही भागवते. कसे? मोठ्या स्वरापुढे त्याच्या आसपासच्या वारंवारतेचे क्षीण स्वर कानाला जाणवत नाहीत. असे स्वर ती ढोबळपणे नोंदवते किंवा गाळतेच. ओवीचा सूर यात बरा टिकतो. बांगड्यांच्या किणकिणीसारखे तीक्ष्ण, क्षणिक आवाज मात्र विस्कटू शकतात.

वेव्ह करताना संगणक उरलेल्या ध्वनीचीच मोजमापे पुन्हा लिहून काढतो. काय गाळले, याची नोंद एमपी३ फाइलमध्ये नसतेच. त्या वेव्हवरून पुन्हा एमपी३ केली, तर कात्री दुसऱ्यांदा चालते. म्हणून ध्वनिमुद्रण मुळातच वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये करावे आणि पाठवण्यापुरती एमपी३ प्रत त्यातून काढावी.