सूर्याची वादळे आणि कुलाब्याची नोंदवही

ग्वाल्हेरच्या हजीरा भागात भाजीची हातगाडी लावणारासुद्धा आज मोबाईलवर पैसे स्वीकारतो. हा व्यवहार क्षणात पुरा होतो. म्हणूनच त्यामागे वीज, मोबाईलचे मनोरे आणि उपग्रह राबत असतात, हे आपल्या ध्यानात येत नाही. या साऱ्या व्यवस्थेला हादरा देऊ शकणारी शक्ती आपल्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटरवर आहे. ती म्हणजे सूर्य.

सूर्यावर कधीकधी प्रचंड स्फोट होऊन विद्युतभारित कणांचा लोट अवकाशात फेकला जातो. तो पृथ्वीच्या रोखाने आला, तर बहुधा एक ते तीन दिवसांत येथे पोहोचतो व पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हलवून सोडतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीजप्रवाह निर्माण होतो, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. तार जितकी लांब, तितका धोका अधिक.

1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर लख्ख प्रकाश पाहिला आणि अठरा तासांच्या आत वादळ पृथ्वीवर थडकले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. काही ठिकाणी तर बॅटरी काढून ठेवल्यावरही तारेतल्या प्रवाहावर संदेश गेले.

हे वादळ केवढे होते, याचा महत्त्वाचा पुरावा मात्र मुंबईत मिळाला. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय मोजणी चालू होती. तेथील कर्मचारी ठराविक वेळी उपकरणावरचा आकडा डोळ्यांनी वाचून वहीत उतरवीत. 2 सप्टेंबरच्या नोंदींत चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घटलेले दिसते. त्सुरुतानी, लखिना आदी शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये या नोंदी अभ्यासून जगापुढे मांडल्या. रोजकीर्द नीट लिहिली तरच ताळेबंद जमतो, असे वाणिज्य शाखेत शिकवितात. येथे तो जमायला 144 वर्षे लागली!

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे मोजणीत दोष येणार, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम अलिबागला नेले. तेथे ते आजही चालते.

1859 मध्ये बिघडायला फक्त तारायंत्रे होती. 13 मार्च 1989 च्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालविली. 60 लाख लोक अंधारात राहिले. फेब्रुवारी 2022 मध्ये तर साध्याशा वादळाने वरचे वातावरण तापून फुगले आणि नुकत्याच सोडलेल्या 49 उपग्रहांपैकी बहुतेक खाली येऊन जळाले.

भारत ध्रुवांपासून दूर असल्याने आपल्या वीजवाहिन्यांना धोका तुलनेने कमी आहे. परंतु उपग्रहांचे संदेश वातावरणाच्या ज्या विद्युतभारित थरातून येतात, तो आपल्या डोक्यावरही खवळतो. मग दिशादर्शन चुकते, अचूक वेळ मिळत नाही.

यासाठीच भारताने 2 सप्टेंबर 2023 रोजी ‘आदित्य-एल1’ यान सोडले. पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून ते सूर्यावर नजर ठेवते. तेथून जाणारा लोट पृथ्वीवर यायला तासभर किंवा त्याहून कमी वेळ लागतो. तेवढ्या अवधीत वीजकेंद्रे भार कमी करू शकतात, विमाने व उपग्रह सावध होऊ शकतात.

सूर्याला आवरणे माणसाच्या हाती नाही. पण कुलाब्याच्या त्या कर्मचाऱ्यांप्रमाणे रोज नेमाने नोंद ठेवणे मात्र नक्कीच आहे.