मानसशास्त्र : पाठांतराचे की प्रयोगाचे?

अकरावीचे वर्ग सुरू झाले की मानसशास्त्राच्या पहिल्या तासाला एक प्रश्न हमखास येतो : "सर, हा विषय शिकल्यावर दुसऱ्याच्या मनातले ओळखता येते का?" प्रश्न भाबडा असला, तरी त्यामागचे कुतूहल खरे असते. दिवाळीची सुटी येईपर्यंत मात्र ते मावळते आणि त्याची जागा व्याख्या, फरक व टिपा घेतात. कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकविताना हा अनुभव मी वर्षानुवर्षे घेत आलो आहे. या अपयशात माझ्यासारख्या शिक्षकांचा वाटा मोठा आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे.

मनाला उपदेश करण्याची आपली परंपरा जुनी आहे. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक आजही अनेक घरांत म्हटले जातात. आधुनिक मानसशास्त्राने वाट धरली ती वेगळी. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली. मनाविषयीचे प्रत्येक विधान निरीक्षणाने व मोजमापाने पारखून घ्यावे, हा दंडक पुढे या शास्त्राने स्वतःला घालून घेतला. हा दंडक बाजूला ठेवून केवळ त्याचे निष्कर्ष पाठ करविणे, म्हणजे विद्यार्थ्याला पाण्यात न उतरविता पोहण्याची परीक्षा घेणे होय.

या विसंगतीचा कळस 'स्मृती व विस्मरण' या प्रकरणात दिसतो. हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक शब्दावयवांच्या याद्या स्वतःच पाठ करून, त्या किती वेगाने विसरल्या जातात हे मोजले आणि १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विस्मरण प्रारंभी झपाट्याने होते, मागाहून मंदावते, असे त्यांना आढळले. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग तर आपल्या डोळ्यांत अंजन घालणारा आहे. काहींनी उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी तो एकदा वाचून, मिटून, आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि हेच प्रकरण आमची मुले गाईडमधून पुनःपुन्हा वाचून 'पक्के' करतात!

काही वर्षांपूर्वी हाच प्रयोग मी वर्गात करून पाहिला. साहित्य म्हणून एक पानभर उतारा आणि कोरे कागद एवढेच लागले. पुढच्या बाकांवरील मुलांचा वाचनाचा गट केला, मागच्या बाकांवरील मुलांचा आठवून लिहिण्याचा. आठवड्याने गुण मांडले, तो निकाल उलटा! वाचणारेच पुढे. वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग एका हुशार विद्यार्थ्याने हळूच विचारले, "सर, प्रकल्पाच्या वहीत पुस्तकाप्रमाणे आकडे लिहू का?"

तो प्रश्न मी अद्याप विसरलेलो नाही. दहा वर्षांच्या शालेय शिक्षणाने त्या मुलाला, उत्तर आधी ठरलेले असते आणि अनुभव त्याला जुळवून घ्यायचा असतो, एवढेच शिकविले होते. मी आकडे बदलू दिले नाहीत. कारण शोधायला सांगितले. मागच्या बाकावरील एका मुलीने ते शोधले : "सर, पुढे बसणारी मुले एरवीही जास्त गुण मिळवतात. गट चिठ्ठ्या टाकून पाडायला हवे होते." यादृच्छिक विभाजन या जड शब्दाचा अर्थ त्या दिवशी वर्गाला कळला, आणि चूक शिक्षकाची होती हेही कळले.

ही कसोटी खुद्द शास्त्रालाही लागू आहे. मानसशास्त्रातील शंभर प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा उपक्रम अनेक संशोधकांनी मिळून केला आणि त्याचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जेमतेम एकतृतीयांशाहून थोड्या अधिक प्रयोगांत मूळ निष्कर्षांना संख्याशास्त्रीय पुष्टी मिळाली. यावरून हे शास्त्र पोकळ आहे असे ठरत नाही. आपलेच म्हणणे पुन्हा तपासण्याचे आणि निकाल न लपविण्याचे धैर्य त्याच्यापाशी आहे, हे मात्र ठरते.

अर्धवट ज्ञानाचा आणखी एक धोका आहे. विकृतींचे प्रकरण वाचून झाले की मुले एकमेकांवर शिक्के मारू लागतात. शांत मुलगा 'डिप्रेशनवाला' ठरतो, रागीट मुलगी 'सायको'. वर्ग सुटल्यावर एखादा विद्यार्थी मात्र रेंगाळतो. पुस्तकातील वर्णन त्याला स्वतःचे वाटलेले असते. अशा वेळी शिक्षकाने ऐकून घ्यावे, पण निदान करू नये. तो समुपदेशक नव्हे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. मानसशास्त्राच्या शिक्षकाचे नाव त्या रकान्यात भरून कोणत्याही संस्थेने मोकळे होऊ नये.

पाठ्यपुस्तके बदलली : बालभारतीने २०१९ मध्ये अकरावीचे व २०२० मध्ये बारावीचे नवे पुस्तक काढले. पण तास व परीक्षा यांची रीत बदलल्यावाचून पुस्तक एकटे काय करणार? वेळापत्रकात प्रयोगासाठी जोडतास असावा. प्रश्नपत्रिकेत व्याख्येऐवजी एखाद्या प्रयोगाचे आकडे देऊन त्यातील दोष विचारावेत. प्रकल्पात फसलेल्या प्रयोगाच्या प्रामाणिक नोंदीला पूर्ण गुण असावेत. आणि बहुधा कला शाखेच्या वेळापत्रकातच राहणारा हा विषय विज्ञान-वाणिज्याच्या मुलांनाही सहज घेता यावा.

दुसऱ्याच्या मनातले ओळखता येते का, या पहिल्या तासाच्या प्रश्नाला मी आता एवढेच उत्तर देतो : आपण ते ओळखले आहे, असे वाटेल तेव्हा थोडे थांबून तपासून पाहण्याची सवय मात्र लागू शकते. दोन वर्षांत तेवढी सवय लागली, तरी विषय शिकविल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.