चिडाच्या जंगलाची शंभर वर्षे

उत्तराखंडात उन्हाळी वणवे भडकले की सगळ्यांची बोटे चिडाकडे, म्हणजे तिथल्या पाइन वृक्षाकडे, वळतात. झरे आटले तरी ठपका त्याच्यावरच. गेल्या शंभर वर्षांत या जंगलाचे काय काय केले गेले हे पाहिले, की आरोपी बदलतो.

चिडाचे झाड मूळचे हिमालयाचेच. साधारण 500 ते 2000 मीटर उंचीवर, त्यातही दक्षिणेकडच्या कोरड्या, उन्हाच्या उतारांवर ते चांगले वाढते. माती पातळ असो की मुरमाड, त्याचे अडत नाही. सावली मात्र सोसत नाही. वीतभर लांब सुया तीन-तीनच्या जुडीत येतात. बियांना पंख असतात, साल जाड असते, आणि कोवळे रोप जळाले तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. त्यामुळे डोंगर उघडा पडला, की पहिला ताबा चिडाचा.

1911 ते 1917 या काळात इंग्रज सरकारने उत्तराखंडातल्या कुमाऊं भागातली मोठी जंगले राखीव केली. रेल्वेला स्लीपर हवे होते, कारखान्यांना राळ आणि टर्पेंटाइन. हे सारे चिडातून मिळे. खोडावरची साल खरवडायची, खाच पाडायची, खाली वाटी अडकवायची. चिकट लीसा, म्हणजे चिडाची कच्ची राळ, थेंब थेंब साचतो. ओघ मंदावला की खाच पुन्हा ताजी करायची. बांज, म्हणजे तिथला ओक, गावाच्या कामाचा: पाला गुरांना, लाकूड चुलीला. सरकारी तिजोरीला त्याचे फारसे मोल नव्हते.

चिडाखालचे वाळके गवत जाळायचे, म्हणजे पावसात कोवळा चारा येतो, ही गावांची जुनी रीत. तिच्यावर आणि चराईवर बंधने आली तसा असंतोष वाढला. 1921 च्या उन्हाळ्यात लोकांनी पेटवली ती प्रामुख्याने चिडाची राखीव जंगले. बांजाच्या रानांना त्यांनी हात लावल्याचे दिसत नाही, असे इतिहासकार रामचंद्र गुहा नोंदवतात. पुढे 1931 मध्ये वनपंचायतींचे नियम आले आणि काही जंगल गावांच्या हाती परतले.

सत्तरच्या दशकात झाडतोडीविरुद्ध चिपको आंदोलन झाले. त्यानंतर 1981 मध्ये 1000 मीटरच्या वर हिरवी झाडे तोडण्यास बंदी आली. कुऱ्हाड थांबली, पण बांजाची पाल्यासाठीची छाटणी सुरूच राहिली आणि उघड्या पडलेल्या जागी चीड शिरत गेला. दुसरीकडे गावे ओस पडू लागली, गुरे कमी झाली. गोठ्यात अंथरायला नेला जाणारा पिरूल, म्हणजे चिडाच्या वाळक्या सुया, रानातच साचू लागला. हा थर लवकर कुजत नाही. त्यावरून पाय घसरतो आणि ठिणगी पडली तर उतारच्या उतार पेटतो. 2016 आणि 2024 च्या वणव्यांत तेच दिसले. 2024 मध्ये राज्य सरकारने किलोला 50 रुपये भावाने पिरूल विकत घेण्याची घोषणा केली.

पिरूल उचलला तर आग आटोक्यात राहील, पण तेवढ्याने बांज परतणार नाही. त्यासाठी रोपांना चराई, छाटणी आणि आगीपासून वर्षानुवर्षे राखावे लागेल. ते काम जवळ राहणारी माणसेच करू शकतात. म्हणून चिडाला शिव्या देण्याआधी ओस पडलेल्या गावांचा विचार करायला हवा.