४४ अंशांचा सराव ३३ अंशांत का मोडतो?

मे महिन्यात गोंदिया, भंडारा, चंद्रपूरच्या पट्ट्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला तरी व्यवहार थांबत नाहीत. डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा, निघताना घोटभर कैरीचे पन्हे घ्यायचे, कुणी खिशात कांदाही ठेवतो, आणि कामाला लागायचे. त्यामुळे सुट्टीत सिंगापूर किंवा बँकॉकची सहल ठरते, मोबाइलवर तिथले तापमान ३३ अंश दिसते आणि घरात सगळे निर्धास्त होतात. ‘आपल्याकडे चव्वेचाळीस, तिथे तेहेतीस. थंडच की!’

प्रत्यक्षात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजोबा पाय ओढत चालू लागतात, धाकटी विनाकारण रडते, आईचे डोके ठणकते आणि वडील सगळ्यांवर खेकसतात. दोष जेवणाला दिला जातो, नाहीतर झोपेला. खरे कारण बहुतेक वेळा हवेत असते, आणि ते समजायला घरातला कूलर पुरेसा आहे.

अशा सहली आता आवाक्यात आल्या आहेत. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसातून सूट दिली. बिरसी विमानतळावरून डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादसाठी इंडिगोचे विमान उडू लागले. बाकीचे नागपूर गाठतात किंवा विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला जातात. शिवाय विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्यामुळे इथल्या कुटुंबांना जूनही मोकळा मिळतो. नेमका तेव्हा दुबईचा कडक उन्हाळा सुरू झालेला असतो.

आता कूलर. मे महिन्यात तो खोली गार करतो, आणि जुलैत तोच कूलर नुसती चिकचिक वाढवतो. मेमध्ये बाहेरची हवा कोरडी असते. कूलरमधल्या ओल्या गवतातून ती आत येताना पाण्याची वाफ होते, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. जुलैतल्या हवेत आधीच भरपूर बाष्प असते, म्हणून पाण्याची वाफ होत नाही आणि गारवाही येत नाही. माठातले पाणी पावसाळ्यात गार होत नाही, तेही याच कारणाने.

माणसाचे शरीर हाही एक कूलरच आहे. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. बाहेरची हवा त्याहून गरम असली की शरीरातली उष्णता बाहेर टाकण्याचा जवळजवळ एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. मात्र घाम येणे वेगळे आणि वाळणे वेगळे. गोंदियाच्या उन्हात घाम फुटताच सुकतो, अंग ओले दिसतही नाही. सिंगापूरच्या दमट हवेत तोच घाम कपाळावरून, पाठीवरून ओघळत राहतो. ओघळलेला थेंब पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र फारशी नेत नाही. म्हणजे खर्च पूर्ण आणि काम अर्धे.

हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ ‘वेट बल्ब’ तापमान वापरतात. तापमापीच्या टोकाला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला तर पारा जिथवर उतरेल ते हे तापमान. उत्तम कूलर हवा जास्तीत जास्त किती गार करू शकेल, तेही यातूनच कळते. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वेट बल्ब तापमान २३ अंशांच्या आसपास येते. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ते २८ च्या वर जाते. साध्या तापमापीवर ११ अंशांनी ‘थंड’ असलेले शहर शरीराच्या हिशेबाने पाच अंशांनी अधिक त्रासदायक ठरू शकते. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दमट हवेत हलकी हालचाल करतानाही, वेट बल्ब तापमान साधारण ३०-३१ अंशांवर पोहोचले की त्यांच्या शरीराचे तापमान आटोक्यात राहीनासे झाले. तिथे २८ हा आकडा काठावरचा आहे, आणि सहलीला जाणारे सगळेच तरुण नसतात.

म्हणून निघण्यापूर्वी हवामानाच्या अॅपवर नुसते तापमान न पाहता त्याखालचा ‘फील्स लाइक’ आकडा पाहावा. एप्रिल २०२४ मध्ये बँकॉकमध्ये उष्णता निर्देशांक ५२ च्या वर जाण्याचा इशारा तिथल्या प्रशासनाला द्यावा लागला होता. तापमापीवरचा पारा तेव्हा त्याच्या बराच खाली होता.

‘पण आम्हाला उन्हाची सवय आहे’ हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. उष्ण हवेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. ही तयारी रोज उन्हात काम करणाऱ्याच्या अंगी असते. तेंदूपाने तोडणाऱ्या मजुराकडे ती आहे. दुकानात कूलरसमोर किंवा कार्यालयात एसीत दिवस काढणाऱ्याकडे ती फारशी नसते. सहलीला जाणारा बहुधा हा दुसरा असतो. विदर्भातला मध्यमवर्ग उन्हाळा काढतो तो शरीराच्या बळावर कमी आणि वेळापत्रकाच्या बळावर जास्त. बाहेरची कामे सकाळी दहाच्या आत उरकायची, दुपारी दारे-खिडक्या लावून पडून राहायचे, पाचनंतर पुन्हा बाहेर पडायचे. हे शहाणपण इतके अंगवळणी पडले आहे की ते शहाणपण आहे हेच विसरायला होते.

परदेशी सहलीत नेमके तेच घरी राहते. नाश्ता नऊला, बस दहाला, आणि अकरा ते चार उघड्यावर पायी फिरणे. पैसे भरलेले असतात, ‘पॉइंट’ चुकवायचे नसतात. संयुक्त अरब अमिरातींत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात मजुरांकडून काम करून घेण्यास कायद्याने मनाई आहे. तिथला मजूर सावलीत बसलेला असताना आपण आजीला घेऊन इमारतीपुढे फोटो काढत असू, तर कार्यक्रम आखण्यात कुठेतरी चुकले आहे.

सावली आणि विसावा यांनी किती फरक पडतो याचा सर्वात दुःखद पुरावा जून २०२४ च्या हज यात्रेत मिळाला. मक्केत तापमान ५१.८ अंशांवर गेले आणि सौदी सरकारच्या माहितीनुसार १३०१ यात्रेकरू दगावले. त्यातले ८३ टक्के अधिकृत परवान्याविना आलेले होते. त्यांना निवारा नव्हता, थेट उन्हात लांबवर चालावे लागले होते. ऊन सगळ्यांना तेच होते. नागपूरहूनही हजची विमाने सुटतात, त्यामुळे विदर्भातील कुटुंबांना ही गोष्ट दूरची नाही.

तेव्हा सहल कंपनीकडून छापील कार्यक्रम येईल, तेव्हा पहिला प्रश्न दुपारचा विचारावा. बारा ते चार या वेळेत संग्रहालय, मत्स्यालय, मॉल किंवा सरळ हॉटेलची खोली असावी. बागा, बाजार, देवळे सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर. पहिले दोन दिवस हलके ठेवावेत. रेल्वे आणि विमानाच्या प्रवासाने शरीर आधीच कोरडे पडलेले असते. विमानातील हवा मेमधल्या गोंदियाइतकीच कोरडी, आर्द्रता जेमतेम १० ते २० टक्के. उन्हात तास-दीड तास झाला की एसी असलेल्या ठिकाणी पंधरा-वीस मिनिटे बसावे. ‘सर्द-गरम होईल’ म्हणून आजी आत यायला नाही म्हणतील. सर्दी विषाणूने होते, आणि तो गारव्यापेक्षा गर्दीत जास्त भेटतो, हे त्यांना प्रेमाने सांगायचे.

इथल्या काही सवयी तिथे उलट्या पडतात. ४४ अंशांची लू त्वचेपेक्षा गरम असते, म्हणून दुपट्ट्याने सगळे झाकून घेणे इथे योग्य. ३२-३३ अंशांच्या दमट हवेत मात्र तोच घट्ट गुंडाळलेला दुपट्टा घाम वाळू देत नाही. तिथे सैल कपडे, टोपी किंवा छत्री बरी. पंख्याचेही तसेच. इथे भर दुपारी पंखा अंगावर गरम झोत फेकतो. तिथली हवा त्वचेपेक्षा थोडी थंड असते, म्हणून हातपंखा किंवा बॅटरीचा छोटा पंखा खरोखर उपयोगी पडतो. मानेवर ओला रुमाल ठेवून वारा घेतला तर आणखी बरे.

गर्दीत हे सगळे अवघड होते. प्रत्येक माणूस बसल्या बसल्याही साधारण १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो, आणि दाटीवाटीत वारा फिरत नाही. रांगेत बराच वेळ निश्चल उभे राहिले की रक्त पायांत साचते, मेंदूला कमी पडते आणि भोवळ येते. अशा वेळी माणसाला आडवे करून पाय उंच करावेत. रांगेत उभे असताना पोटऱ्या हलवत राहणे, जागच्या जागी पावले टाकणे एवढेही पुरते. मुलांचे शरीर लहान, त्यामुळे ते लवकर तापते, आणि खेळाच्या नादात ती पाणी मागत नाहीत. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते. म्हणून दोघांनाही विचारायचे नाही, ठरावीक वेळाने पाणी हातात द्यायचे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, आपल्या मनाने ती बंद करू नये.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट घरोघर घडते आणि बोलली जात नाही. स्वच्छतागृह कुठे मिळेल याची खात्री नसते, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. संध्याकाळी डोके दुखते, दोन दिवसांनी लघवीला जळजळ. सिंगापूर, क्वालालंपूर, दुबईत मेट्रो स्थानकांवर आणि मॉलमध्ये चांगली सोय असते. दिवसाचा मार्ग ठरवतानाच ती ठिकाणे पाहून ठेवावीत. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले, ही खूण सर्वांसाठी सारखी. ओआरएसची पाकिटे सोबत न्यावीत. १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, भुकटी चालते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला आणि अंग भाजत असेल तर तो उष्माघात समजावा, मग घाम येत असो वा नसो. पॅरासिटामॉलने तो उतरत नाही. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, बर्फ मिळाला तर काखेत आणि मानेशी लावावा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवावी. सिंगापूरला ९९५, थायलंडला १६६९, मलेशियाला ९९९, अमिरातींत ९९८. हे आकडे प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत. मुलांच्या मनगटावर पालकाचा तिथे चालणारा नंबर पेनाने लिहावा, आणि रोज सकाळी निघताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवावा. मूल हरवले की ‘कपडे कोणते होते’ हे घाबरलेल्या आईला आठवत नाही.

गोंदिया जिल्ह्यासाठी आणखी एक विषय आहे, जो मुंबई-पुण्याच्या सहल पुस्तिकांत सापडत नाही. पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे. या आजारात रक्तातला प्राणवायू कमी झाला किंवा शरीर कोरडे पडले की लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. विमानाच्या केबिनमधली हवा १८०० ते २४०० मीटर उंचीवर असल्यासारखी विरळ असते. म्हणजे कमी प्राणवायू, कोरडी हवा, मग दमट उष्म्यात पायपीट, आणि हॉटेलच्या जलतरण तलावातले गार पाणी. वेदना उफाळून येण्याची जवळजवळ सगळी कारणे एका सहलीत जमतात. वाहकांना विमानप्रवासाने सहसा त्रास होत नाही. रुग्णाने मात्र आपल्या डॉक्टरांना विचारून, हिमोग्लोबिन तपासून मगच तिकीट काढावे. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर एकही दिवस चुकवू नये. विमा घेताना आजार लपवू नये. लपवला तर नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जातो.

वेदनेवरच्या गोळ्यांची अडचण वेगळीच आहे. ट्रॅमाडॉल आणि कोडीन ही औषधे संयुक्त अरब अमिरातींत नियंत्रित यादीत आहेत. ती नेण्यासाठी तिथल्या प्रशासनाची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिली जाणारी अल्प्राझोलामही त्यातच येते. सिंगापूरचे नियमही कडक आहेत. इथे चिठ्ठीवर सहज मिळणारी गोळी तिथे गुन्हा ठरू शकते. सर्व औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवावीत. इन्सुलिन तर सामानाच्या बॅगेत कधीच टाकू नये, विमानाच्या पोटात ते गोठून निकामी होऊ शकते. बँकॉकचे घड्याळ आपल्यापुढे दीड तास, सिंगापूरचे अडीच तास, दुबईचे दीड तास मागे. एवढ्या फरकाने इन्सुलिनच्या वेळा फारशा बदलाव्या लागत नाहीत, पण डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे.

आणि खसखस. अमिरातींत तिच्यावर बंदी आहे, सिंगापूरमध्येही ती नेता येत नाही, कारण ती अफूच्या बोंडातून येते. घरून कोरडा मसाला, अनारसे किंवा लाडू भरून देणाऱ्या आजीला हे बॅग भरण्याआधी सांगून ठेवावे.