नायक न लिहिता लिहायची गोष्ट

बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात, मोरगावपासून फार लांब नाही, असं लोणी भापकर आहे. तिथल्या मल्लिकार्जुन मंदिराजवळ दगडी पुष्करणी आहे आणि तिच्या काठाशी नक्षीदार खांबांचा एक मंडप. या मंडपात कधीकाळी वराह उभा असावा असं अभ्यासक मानतात. यज्ञवराहाची मूर्ती गावात आहेच: चार पायांवर उभा दगडी वराह, अंगावर झूल, झुलीवर विष्णूच्या चिमुकल्या प्रतिमांच्या रांगा. मंदिरात आज शिवलिंग आहे, पण वास्तू मुळात विष्णूची असावी असाही तर्क आहे. एवढं ऐकलं की कादंबरीकार कथानक शोधू लागेल. आणखी एका जातीचा लेखक मात्र आधी कागदावर नकाशा काढायला घेईल.

हा लेखक भूमिका-खेळांसाठी साहसं लिहितो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एक पात्र: कुणी लढवय्या, कुणी वैद्य, कुणी भामटा. एक जण गेम मास्टर, म्हणजे बाकीचं सगळं जग. तो सांगतो, ‘समोर पायऱ्या आहेत, खाली पाणी काळं दिसतंय.’ खेळाडू सांगतात आपण काय करतो ते. जमलं की नाही हे जिथे सांगता येत नाही, तिथे फासा पडतो.

मग लेखकाने लिहायचं काय? इथेच गंमत आहे. तमाशातल्या वगात सोंगाड्याला कथेचा सांगाडा ठाऊक असतो आणि संवाद तो जागच्या जागी रचतो. साहसाचा लेखक त्याहून पुढे जातो. त्याला शेवटही ठरवता येत नाही. जागा, माणसं, त्यांच्या इच्छा आणि धोके एवढं तो लिहितो. नायक काय करेल हे लिहिलं, तर ते साहस फसलं म्हणायचं. जो मजकूर मधोमध मुद्दाम मोकळा ठेवायचा, त्याची स्पर्धा कशी घेणार?

घेतात, आणि पहिल्या वर्षांपासून घेतात. १९७५ साली ‘ओरिजिन्स’ या अमेरिकी खेळ-संमेलनासाठी गायगॅक्सने ‘टूम ऑफ हॉरर्स’ ही भयंकर समाधी रचली. तेव्हा ती खेळाडूंची स्पर्धा होती. अनेक गटांना एकाच कसोटीवर तोलायचं तर प्रत्येक टेबलावर तीच दारं आणि तेच सापळे हवेत. त्यामुळे गेम मास्टरच्या डोक्यातलं जग परक्या माणसाला वाचून चालवता येईल असं कागदावर उतरवणं भाग पडलं. १९७९ च्या ओरिजिन्ससाठी लिहिलेल्या, मध्य अमेरिकेतल्या प्राचीन मंदिरांवर बेतलेल्या ‘हिडन श्राइन ऑफ तामोआचान’ला ‘सी-१’ हा क्रमांक मिळाला. त्यातला ‘सी’ म्हणजे स्पर्धाच.

लेखकांची स्पर्धा म्हणून २००२ हे वर्ष सांगायलाच हवं. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने नव्या खेळ-जगाची कल्पना मागवली, सुरुवातीला फक्त एका पानात. सुमारे ११,००० प्रवेशिका आल्या. कीथ बेकर जिंकला आणि त्याचं ‘एबेरॉन’ २००४ साली पुस्तक होऊन आलं. २००९ पासून ‘वन पेज डंजन’ स्पर्धेने हाच दंडक साहसांना लावला: नकाशासकट सगळं एका पानावर. पान एकच असलं की ‘अंधारी, गूढ, प्राचीन खोली’ यातली दोन विशेषणं आपोआप गळतात. मला हा नियम फार आवडतो.

आता लोणी भापकर या एका पानावर बसवून पाहू. जिथे आजही पूजा होते ते मंदिर ‘खजिन्याची खोली’ करणं मला रुचत नाही, म्हणून गावाचं नाव बदलू आणि लूट काढून टाकू. आपल्या काल्पनिक गावात दुष्काळ आहे, पुष्करणी आटली आहे, मंडपातला वराह एका रात्रीत नाहीसा झाला आहे. खरं असं, की तो चोरीला गेलेला नाही. गावातल्याच कुणीतरी तो लपवला आहे. खेळाडूंना हे कळायला हवं. जस्टिन अलेक्झांडर या खेळलेखकाचा एक प्रसिद्ध नियम आहे: जे कळायलाच हवं, त्याचे किमान तीन धागे ठेवा. एक धागा त्यांच्या नजरेतून सुटतो, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरा हाती लागतो. म्हणून चौथऱ्यावर बाहेरून आत वळलेले ओढल्याचे ओरखडे. बैलगाडी उसनी दिली होती हे लपवणारा शेतकरी. आणि मूर्तीचा विषय निघाला की हमखास पाण्याबद्दल बोलू लागणारी आजी. तिन्ही धागे सुटे, कोणत्याही क्रमाने सापडले तरी चालतील असे.

फाशाचंही ठरवायला हवं. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा ५ टक्के वेळा येतो. चमत्कार आणि फजिती दोन्ही मधल्या आकड्याइतकीच वारंवार. त्याऐवजी घरातल्या सहा कवड्या घ्या. कवडी उताणी-पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली (खऱ्या कवड्या एवढ्या न्यायी नसतात), तर ६४ शक्यतांपैकी २० मध्ये बरोबर तीन उताण्या पडतात आणि सहाही उताण्या फक्त एकात. नेहमीचं यश म्हणजे निम्म्या कवड्या, अघटित क्वचितच. खेळाचा स्वभावच बदलला! वीस बाजूंच्या फाशाने वीरकथा रंगते, पण दुष्काळी गावाला कवड्याच शोभतील.

प्रवेशिका पाठवण्याआधी एक परीक्षा मात्र चुकवू नये. पान दुसऱ्याच्या हाती द्यावं, त्याला गेम मास्टर करावं आणि लेखकाने कोपऱ्यात तोंड बंद ठेवून बसावं. ‘नाही, तिथे म्हणजे मला म्हणायचं होतं…’ असं जिथे जिथे ओठांवर येईल, तिथे तिथे पानावर एक वाक्य कमी आहे किंवा एक जास्त. आणि खेळाडूंनी आजीला आपल्या बाजूने वळवून वराह आणखी खोल लपवायचं ठरवलं, तर तेही त्या पानाला पेलता आलं पाहिजे.