भांगेच्या बातम्या आणि चिकित्सकाचा विवेक

भांग या वनस्पतीविषयी जे वृत्त नित्य छापून येते, त्यातील फारच थोडे चिकित्सकाच्या उपयोगाचे असते. लागवडीचे परवाने, कंपन्यांच्या समभागांची चढउतार, गांजा पकडल्याच्या वार्ता हे सारे एकाच शब्दाखाली येते. आपला १९८५ चा गुंगीकारक द्रव्यांविषयीचा अधिनियम याहून काटेकोर आहे. चरस व गांजा त्याच्या व्याख्येत येतात. फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसतील तर बी व पाने येत नाहीत. बातमी वाचतानाही पहिला प्रश्न हाच असावा: वनस्पतीचा कोणता भाग, अथवा त्यातील कोणते द्रव्य?

हा प्रश्न न विचारल्यास काय होते, हे जानेवारी २०२२ मध्ये दिसून आले. भांगेतील दोन आम्ल द्रव्ये कोरोना विषाणूस पेशीत शिरण्यापासून रोखतात, असे अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले. प्रयोग काचपात्रातील पेशींवर झाला होता. वृत्तात मात्र ‘गांजाने कोरोना टळतो’ असा अर्थ उतरला. वस्तुतः ही आम्ले उष्णतेने विघटित होतात. म्हणजे धूम्रपान करणाऱ्यास ती जवळजवळ मिळतच नाहीत!

याउलट, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचे वृत्त प्रत्येक बालरोग व मज्जाविकार तज्ज्ञाने जपून ठेवावे असे होते. ड्रॅव्हे नामक दुर्धर अपस्माराच्या १२० बाल व तरुण रुग्णांपैकी काहींना शुद्ध कॅनाबिडिऑल व काहींना निष्क्रिय द्रव देण्यात आला. औषध घेणाऱ्यांत झटक्यांची मासिक मध्यगा १२.४ वरून ५.९ वर आली. इतरांत ती १४.९ वरून १४.१ झाली. द्रव्य, मात्रा, रुग्ण व तुलना चारही स्पष्ट. तरीही अनुषंगिक परिणाम वाचल्यावाचून पुढे जाऊ नये. गुंगी व अतिसार आढळले, आणि यकृताच्या विकरांची वाढ विशेषतः व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत दिसली. क्लोबाझाम चालू असल्यास त्याच्या क्रियाशील घटकाचे रक्तातील प्रमाण वाढते, ही बाब आपल्या बाह्यरुग्ण विभागातही लागू पडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये या औषधास मान्यता दिली.

तथापि चाळणी फार बारीक झाली तर दाणाही निसटतो. २०१९ मध्ये अमेरिकेत बाष्पनळीने ओढण्याच्या द्रवांचा काळाबाजार हे वरवर पोलिसी वृत्त होते. त्याच द्रवांतील जीवनसत्त्व ई-अॅसिटेटशी फुफ्फुसाच्या तीव्र विकाराचा निकट संबंध आढळला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यामुळे भेसळ, विषबाधा वा औषधांच्या परस्परक्रियेचा उल्लेख असलेली बातमी, कोणत्याही पानावर असो, बाजूला काढून ठेवावी.

कायद्याच्या बातम्यांचे तसे नाही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी भांगेस १९६१ च्या कराराच्या चौथ्या अनुसूचीतून वगळले. पहिल्या अनुसूचीत ती कायम राहिली, आणि एकाही रुग्णाची मात्रा त्यामुळे बदलली नाही.

रुग्ण स्वतःच एखादी कुपी घेऊन आला, तर तिच्यावरील मजकुरावर विसंबू नये. अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ कॅनाबिडिऑल उत्पादनांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांवरच प्रमाण बरोबर छापलेले होते. रुग्ण काय घेतो, किती व कधीपासून, हे विचारून केसपेपरवर नोंदवावे, आणि कुपी हाती घेऊन स्वतः पाहावी.